झेंडूचा हार आणि पोलिसाचा हात

अण्णा,

गेल्या महिन्यात आमच्या गाडीला पोलिसाने हात केला आणि गाडी थांबली नाही. एवढं ऐकूनच तुम्ही बेल्ट सावरत उभे राहिला असाल, म्हणून पुढचं आधी सांगून टाकते. कोणाला खरचटलंसुद्धा नाही, आणि हात करणारी पोलीसबाई जाताना आमच्याकडचा पेढा खाऊन गेली. पण गाडी थांबली नाही हे खरं, आणि त्या गाडीत मी होते हेही खरं. ट्रॅफिक हवालदाराची मुलगी, जी आयुष्यात दुसरं काही शिकली नसेल पण पांढरा शर्ट दिसला की ब्रेक दाबायला शिकली, ती मधल्या सीटवर बसून बघत होती. हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडेना. तुम्ही गेल्याला इतकी वर्षं झाली की तेव्हाची कॉलेजात जाणारी तुमची पोरगी आता केसांना रंग लावते, तरी पोलिसाशी गाठ पडली की पहिली आठवण तुमचीच येते.

आधी गाडी कसली ते सांगते, नाहीतर तुम्ही ड्रायव्हरला शोधत बसाल. ड्रायव्हर नाही. चहाला गेलाय असं नव्हे, त्याला सीटच नाही. स्टिअरिंग नाही, पायाखाली ब्रेक नाही. टेम्पो ट्रॅव्हलरच्या निम्म्या आकाराची पांढरी, विजेवर चालणारी गाडी; पुढे नाकावर कॅमेरा, छपरावर गरगर फिरणारा एक डबा, कोपऱ्यांत आणखी डोळे. ती स्वतः बघते, स्वतः ठरवते आणि स्वतः वळते. मी राहते ते बेस्ट नावाचं गाव, इथे डच लोकांच्या देशात, आइंडहोवन शहराला खेटून आहे. तिथलं स्टेशन, पुढे नवी वसाहत, आणि परत स्टेशन, एवढाच तिचा रस्ता. मला तुम्ही कॉम्प्युटर शिकवलात तो या कामासाठी असेल असं तुम्हालाही वाटलं नसेल. गाडी बनवणारे लोक वेगळे आहेत. मी तिला रहदारीचे नियम शिकवते, आणि तिने नियम मोडला तर पुढे काय करायचं ते ठरवणाऱ्यांमध्ये बसते. त्यावर आमच्या मीटिंगांत डोकी तापतात. तिने सिग्नल तोडला तर पावती कोणाच्या नावाने फाडायची? गाडी बनवणाऱ्याच्या, ती रस्त्यावर आणणाऱ्या कंपनीच्या, की ज्या पोराने ती ओळ लिहिली त्याच्या? वकील एक म्हणतात, इंजिनिअर दुसरंच म्हणतात, आणि खेमेन्ते, म्हणजे इथली नगरपालिका, म्हणते की तुमचं ठरलं की आम्हाला कळवा. पोलिसांना तर याहून साधी अडचण आहे. काचेवर टकटक करून बोलायचं कोणाशी? चावी काढून घ्यायची तर चावी कुठे आहे? हे ऐकलं की मी भर मीटिंगमध्ये हसते, कारण चालत्या लूनाची चावी दोन बोटांत उचलून घेण्यात तुमचा हात धरणारं पुण्यात कोणी नव्हतं.

आणि तुमचा तो प्रश्न. सकाळची गर्दी आहे, तुम्ही चौकात छत्रीखाली उभे आहात, कोणीतरी सिग्नल तोडून येतो आणि तुम्ही त्याला बाजूला घेता. लायसन मागत नाही, कागद मागत नाही. विचारता, "गाडी कोण चालवत होतं?" तो म्हणतो, साहेब, ब्रेक लागला नाही. तुम्ही पुन्हा विचारता, "गाडी कोण चालवत होतं?" साहेब, मागचा सारखा हॉर्न मारत होता. साहेब, घरी पाहुणे आलेत. तुम्ही रुमाल काढून मान पुसता, घडी घालून तो परत ठेवता, आणि परत तेच विचारता. शेवटी तो कंटाळून म्हणतो, "मीच की साहेब, दुसरं कोण?" तेवढ्यावर तुमचा अर्धा राग उतरायचा. कितीतरी जणांना तुम्ही त्या एका शब्दावर जाऊ दिलंत. आई म्हणायची, या माणसाला पावती फाडायची सोडून लोकांची कबुली ऐकायचाच नाद आहे.

मलाही तुम्ही सोडलं नव्हतं. आईची लूना घेऊन मी कॉलेजला निघाले होते. तुमचा चौक आला, तुमचा हात वर गेला, आणि मला वाटलं, बापाचा चौक, बापाचा हात, आपल्याला काय! मी थांबले तर नाहीच, उलट तुम्हाला टाटा केला. मागून शिट्टी वाजली ती अजून माझ्या कानात आहे. रसाच्या गुऱ्हाळापुढे माझ्या मैत्रिणी उभ्या, आणि तुम्ही लूनाची चावी खिशात टाकून मला विचारताय, "गाडी कोण चालवतंय?" मी म्हटलं, "अण्णा, काय हो हे!" तुम्ही म्हणालात, "इथे अण्णा कोणी नाही. गाडी कोण चालवतंय?" मी म्हटलं, "मी." "मग हात दिसला नाही?" "दिसला." "कोणाचा होता?" "तुमचा." तेव्हा तुम्ही चावी माझ्या तळहातावर ठेवलीत आणि म्हणालात, "चूक. पोलिसाचा होता." संध्याकाळी घरी आलात ते पेपरात बांधलेली गरम दाबेली घेऊन, आणि ती नेमकी माझ्यापुढे ठेवून पायांवर पाणी घ्यायला मोरीत गेलात.  दाबेलीत शेंगदाणे जास्त टाकून आणले होते, मला आवडतात म्हणून.

हे सगळं मी कोणाला सांगत नाही, पण माझ्या लेकीला सांगते. ती इथेच वाढली. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत किंवा डचमध्ये येतं. एकदा जेवताना मी आमच्या गाडीचं कौतुक करत होते, की ही कधी सिग्नल तोडत नाही, कधी फोनवर बोलत नाही, झेब्रावर म्हातारी दिसली की आपणहून थांबते. लेकीने वरणात भात कालवता कालवता विचारलं, "देन आजोबा वुड हॅव नो जॉब, राइट?" मी म्हटलं, "जेव आधी." पण अण्णा, खरं सांगा, ज्या शिट्टीवर आपलं घर चाललं, माझी फी भरली गेली, ती शिट्टी कायमची खिशात जावी म्हणून मी रोज सकाळी डबा घेऊन ऑफिसला जाते की काय? सगळ्या गाड्या शहाण्या झाल्या तर चौकात उभं राहणाऱ्या माणसाला काय म्हणून उभं करायचं? याचं उत्तर कोणी मागितलं नव्हतं. पण लेकीचा प्रश्न माझ्या मागे लागला तो लागलाच.

त्याच सुमाराला गाडीला पोलीस ओळखायला शिकवायचं काम निघालं. सिग्नल बंद पडला किंवा अपघात झाला की इथेही पोलीस रस्त्यात उभे राहून हात करतात, आणि तो हात सिग्नलपेक्षा वरचढ मानायचा असतो. गाडीला ते कळायला हवं. त्यासाठी तिला शेकडो माणसांचे हात दाखवावे लागतात. मग आम्हीच ऑफिसच्या पार्किंगमध्ये पाळीपाळीने निळं-पिवळं जाकीट घालून उभे राहिलो आणि गाडी आमच्याकडे बघत राहिली. एक निवृत्त पोलीस शिकवायला आले होते. हात सरळ, कोपर ताठ, तळवा समोर. आमचे डच सहकारी पुस्तकात छापल्यासारखे उभे राहिले. नागपूरचा एक सहकारी आहे आमचा, तो बस थांबवावी तसा दोन्ही हात हलवायला लागला आणि सगळे हसून बेजार झाले. मग माझी पाळी आली. त्याबद्दल शेवटी सांगते.

आता मुद्द्यावर येते. आतापर्यंत त्या गाडीत आमच्यापैकी एकजण बसलेला असतो, हाताशी एक लाल बटण घेऊन. काही बिनसलं की बटण दाबायचं, गाडी जागेवर थांबते. तो माणूस आता काढून टाकता येईल का, याची परीक्षा होती. परवाना देणाऱ्या खात्याचे दोघे गाडीत बसणार, पोलीस रस्त्यात कुठेतरी उभे राहून गाडी अडवणार, कुठे ते आम्हाला सांगणार नाहीत. बटणाशी मी बसणार, पण बटण दाबलं की परीक्षा संपली. या दिवसासाठी आमच्या टीमने दोन हिवाळे घातले होते, आणि साहेबांनी वरपर्यंत शब्द दिला होता. दिवस ठरला तो नेमका खंडेनवमीचा.

खंडेनवमी म्हटल्यावर मी काय करणार? आपल्या पोलीस लाइनीतल्या खोलीत तुम्ही पाट मांडायचात. त्यावर शिट्टी, पट्टा, पांढरे हातमोजे, चकाकवलेले बूट, सगळ्याला हळदकुंकू आणि वर एकेक झेंडूचं फूल. शिट्टीला कुंकू जास्त लागायचं आणि दुसऱ्या दिवशी चौकात तुमचे ओठ लाल दिसायचे. दसऱ्याला तुमची खरी करमणूक असायची. हार घातलेल्या गाड्या चौकात यायच्या, कोणाच्या हाराने नंबर झाकलेला, कोणाचा दिवाच दिसत नाही. तुम्ही अडवायचात, स्वतः वाकून हार वर सरकवून बांधायचात, देवाला करावा तसा गाडीला नमस्कार करायचात आणि म्हणायचात, "देवाला दिसलं, आता आम्हालापण दिसू दे." एकालाही त्या दिवशी पावती नाही. रिक्षावाले मुद्दाम तुमच्याकडून हार बांधून घ्यायला थांबायचे.

तर आमचा नागपूरकर सकाळी म्हणाला, "ताई, डेमो नेमका खंडेनवमीला येऊन राहिला. पूजा न करता गाडी बाहेर काढायची म्हणजे रिस्कच आहे बाप्पा." मला तेवढंच हवं होतं. आदल्या दिवशीच मी बागवाल्या दुकानातून झेंडूच्या कुंड्या आणल्या होत्या. इथे झेंडू बागेच्या कडेला लावतात, हार करावा असं कोणाच्या मनात येत नाही. पोरीने आणि मी मिळून ओवला, तिने सुईला बोट टोचून घेतलं आणि तीन भाषांत तक्रार केली. सकाळी नारळ फोडला, पेढ्यांचा डबा पुढे ठेवला, कुंकू लावलं, चाकाखाली सुपरमार्केटच्या जाळीतलं एक लिंबू ठेवलं. आमचे डच साहेब उंचच्या उंच माणूस, ते खाली वाकून बराच वेळ लिंबू बघत होते. मग हळूच म्हणाले, "इज धिस फॉर कॅलिब्रेशन?" मी म्हटलं, साधारण तेच. हार नाकावर बांधला. कॅमेरा मोकळा आहे ना ते मी बघितलं, नागपूरकराने बघितलं, साहेबांनी बघितलं. तिघांनीही गाडी उभी असताना बघितलं. इथला वारा कोणाच्याच लक्षात आला नाही, आणि या देशात वाऱ्याला विसरणं म्हणजे पुण्यात राहून रिक्षाला विसरणं.

गाडी निघाली, साहेब दुसऱ्या गाडीतून मागे. लिंबू फुटलं. परीक्षक दोघेही खूश दिसत होते, त्यांच्या मांडीवरच्या स्क्रीनवर सगळं हिरवं होतं. सायकलींच्या वाटेपाशी गाडी थांबली, शाळेची पोरं जाऊ दिली, एका बदकालाही जाऊ दिलं. मी मनातल्या मनात म्हणत होते, चल बाई, अशीच चल. वसाहतीच्या वळणावर वाऱ्याचा जोरदार सपकारा आला. आणि पुढे, लिंडनच्या झाडाखाली, सायकल स्टँडवर लावून एक पोलीसबाई उभी. तिने एक पाऊल पुढे टाकलं आणि हात केला.

गाडी हळू झाली. मला हायसं वाटलं. पण ती थांबली नाही, अण्णा. बाईला वळसा घालून, अगदी अदबीने, तिला पुरेशी जागा देऊन ती पुढे निघाली. तिला माणूस दिसला होता, पोलीस दिसला नव्हता. मागच्या सीटवरचे दोघे परीक्षक स्क्रीन बघत होते, तिथे अजून हिरवंच होतं. त्यांना काही कळलंही नसतं कदाचित. पण माझ्या खिडकीबाहेरून तो हात मागे मागे चालला होता. मी विचार केला नाही. करते तर दोन हिवाळे आठवले असते, साहेबांचा चेहरा आठवला असता. माझा हात बटणावर गेला आणि गाडी गचकन थांबली, दिवे लुकलुकायला लागले, परीक्षकांच्या चष्म्यांसकट स्क्रीन खाली पडली.  मला एवढंच कळलं की परीक्षा संपली, आणि ती मी संपवली.

बाई सायकल हाताने ढकलत आरामात आली. माझ्याच वयाची असेल, नाक वाऱ्याने लाल झालेलं. ती ठरल्याप्रमाणे सगळं रीतसर करणार होती, मागच्या गाडीतून उतरलेल्या साहेबांकडे तिने बघितलंही नाही. रीत अशी ठरली आहे की पोलिसाने गाडीच्या दारावरचं बटण दाबायचं, म्हणजे गाडीच्या जबाबदार माणसाला फोन लागतो. तिने दाबलं. गाडी गोड आवाजात म्हणाली, कृपया थांबा, आम्ही आपल्याला जोडून देत आहोत. आणि माझ्या खिशात फोन वाजला. जबाबदार माणूस म्हणून नंबर माझाच टाकलेला होता. मी दार उघडून खाली उतरले, तिच्यापासून हातभर अंतरावर उभी राहिले आणि फोन कानाला लावून इथला सकाळचा नमस्कार केला, "खूदेमॉर्खन." तिनेही गाडीकडे तोंड करून, वर 'बाईसाहेब' लावून म्हटलं, "खूदेमॉर्खन, मेव्राउ." मग ती वळली, माझ्याकडे बघितलं, आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की फोन ठेवायचं भान राहिलं नाही, आणि ते हसू गाडीच्या भोंग्यातून सगळ्या वसाहतीने ऐकलं.

हसून झाल्यावर मात्र ती पोलीस झाली. तिने विचारलं, "गाडी कोण चालवत होतं?" डचमध्ये विचारलं, पण मला पुण्याच्या चौकात उभं केल्यासारखं झालं. साहेब पुढे आले आणि समजावायला लागले, की कायद्याने बघायला गेलं तर या क्षणी चालक कोण हा मोठा रोचक प्रश्न आहे, एका अर्थाने प्रणाली, पण दुसऱ्या अर्थाने परवानाधारक. ती ऐकत राहिली. मान पुसायला रुमाल तेवढा तिच्याकडे नव्हता. साहेबांचं वाक्य संपलं तेव्हा तिने परत तेच विचारलं. मी म्हटलं, "इक." म्हणजे मी. बटण मी दाबलंय म्हणजे आता मीच चालवतेय, आणि मोठ्याने सांगते, हारसुद्धा मीच घातलाय. कारण तोवर मला नाकावर काय झालंय ते दिसलं होतं. वाऱ्याने हाराचा एक पदर उचलून हात ओळखणाऱ्या नेमक्या त्या कॅमेऱ्यावर नेऊन बसवला होता. गाडीला पोलिसाच्या जागी झेंडू दिसत होता.

ती वाकली, एका बोटाने पदर उचलला आणि म्हणाली, "ही तर आमच्या बागेतली फुलं!" मग विचारलं, का? मी सांगितलं की आमच्याकडे आज ज्या हत्याराने पोट भरतो त्याची पूजा करतात. माझे वडील पोलीस होते, त्यांच्या शिट्टीची पण करायचे. तिने ते सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पोलिसाची मुलगी आहेस, आणि पोलीस दिसू नये म्हणून फुलं बांधतेस?" सरळ तोंडावर. इथले लोक असंच बोलतात, त्यात राग नसतो. तिने हार सोडला नाही, नुसता वर सरकवून छपराच्या दांडीला नीट बांधला, ओढून बघितला, आणि दोन पावलं मागे जाऊन कॅमेऱ्याच्या डोळ्यात बघितलं. नमस्कार तेवढा केला नाही. मला तिथे रस्त्यातच रडू आलं, पण वारा इतका होता की सगळ्यांच्याच डोळ्यांत पाणी होतं.

परीक्षकांनी दुसरी फेरी घ्यायला लावली. यावेळी गाडी हात बघून अशी थांबली, जसं शाळेतलं गुणी मूल. तरीही ते म्हणाले, पहिली फेरी मोजली जाणार. आज हार होता, उद्या पान चिकटेल, परवा प्लॅस्टिकची पिशवी. गाडीचा एक डोळा झाकला गेला आणि तिला ते कळलंच नाही, हा हाराचा दोष नाही, तुमचा आहे. खरंच होतं. म्हणून गाडीत बसणारा माणूस तूर्त राहणार. तिला आपला डोळा झाकलाय हे कळायला लागेपर्यंत, आणि नंतरही, परत परीक्षा होईपर्यंत. साहेब परतताना मागच्याच गाडीत बसले. ऑफिसच्या दारात मात्र थांबून म्हणाले, "तू दाबलं नसतंस तर कदाचित पास झालो असतो." मी म्हटलं, हो. ते म्हणाले, "मग बरं झालं दाबलंस. मला झोप लागली नसती." आणि डब्यातले उरलेले सगळे पेढे घेऊन गेले. आता निघण्याआधी गाडीचं नाक हाताने चाचपून बघायचं असा नियमच झालाय, आणि आमची डच मंडळी त्याला हाराचा नियम म्हणतात. लेकीला मी सांगितलं, आजोबांची नोकरी सुरक्षित आहे. ती म्हणाली, "धॅट्स गुड," आणि या वेळी वरणभातावर तूप मागून घेतलं.

पोलीसबाईने पेढा खाल्ला हे सांगितलंच. जाताना मी तिच्या सायकलच्या हँडलला एक झेंडूचं फूल अडकवू का विचारलं. ती म्हणाली, मी ड्यूटीवर आहे, मला नको, सायकलला चालेल.

आता ते शेवटचं. मागच्या आठवड्यात नागपूरकर सगळ्या हातांचे व्हिडिओ तपासत होता, कोणाचा हात गाडी लांबून ओळखते आणि कोणाचा जवळ आल्यावर. त्याने मला बोलावलं. "ताई, गाडी सगळ्यात लांबून तुमचा हात ओळखते. पावसात, अंधुक उजेडात, तरी. शिकवायला आता आम्ही तोच जास्त वापरून राहिलो. कुठून शिकल्या?" मी स्क्रीनवर बघितलं. निळ्या-पिवळ्या जाकिटातली मी. कोपर सांगितल्यासारखं ताठ नाही, जरासं अंगाशी. बोटं जुळलेली, अंगठा आत. भार डाव्या पायावर, आणि हाताबरोबर हनुवटी वर गेलेली. घाई नाही. रस्ता आपल्याच घरचा आहे असं उभं राहणं. मी म्हटलं, "काही नाही रे, असंच जमून गेलं."

हे पत्र टाकायचं कुठे हाच प्रश्न आहे. आपल्या चौकात आता उड्डाणपूल आहे आणि तुमची छत्री असायची तिथे त्याचा खांब. राहू दे माझ्यापाशीच. पण नागपूरकराला खोटं सांगितलं ते तुम्हाला खरं सांगते. इथून पुढे आमची जी जी गाडी रस्त्यावर येईल ती एक हात बघून थांबायला शिकलेली असेल. तिला विचारलं, कोणाचा हात, तर ती सांगेल, पोलिसाचा. चूक, अण्णा. तुमचा होता.